आजीचा गौरव आणि आजीचा शब्द

आपल्या धर्मग्रामातील एखादी वयोवृद्ध माउली प्रभूघरी गेली, की तिच्याविषयी चार शब्द लिहिले जातात. कधी ते स्मृतिपत्रिकेवर छापले जातात, कधी महिन्याच्या मिस्सानंतर वाचून दाखविले जातात, तर कधी एखाद्या नियतकालिकाकडे छायाचित्रासह येतात. ह्या लेखनाकडे साहित्य म्हणून पाहण्याची आपली रीत नाही. ते दुःखाच्या भरात लिहिलेले असते, म्हणून त्याची चिकित्सा करणे अनेकांना अप्रशस्त वाटते. तरीही मराठी ख्रिस्ती कुटुंबांत सर्वांत अधिक लिहिला आणि जपला जाणारा गद्यप्रकार कदाचित हाच असेल. बायबलच्या पानांत आणि प्रार्थनापुस्तकात ही छोटी पत्रिका वर्षानुवर्षे राहते. जे लेखन इतके जपले जाते, त्याचा गांभीर्याने विचार करणे हे समीक्षेचे कर्तव्यच आहे.

अशा लेखांतील वाक्ये आपल्याला तोंडपाठ असतात. आजी प्रेमळ होत्या, धर्मनिष्ठ होत्या, कष्टाळू आणि सोशिक होत्या. त्यांनी कधी कोणाचे मन दुखविले नाही. त्यांच्या जपमाळेत कधी खंड पडला नाही. त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली. ह्यातील एकही शब्द खोटा नसेल. पण नाव आणि छायाचित्र बदलले, तर हाच लेख दुसऱ्या घरच्या आजींनाही चालतो, ही त्याची खरी उणीव आहे. जिने नव्वद वर्षे जगाचे टक्केटोणपे खाल्ले, जिच्या शब्दावर तीन पिढ्यांचे घर चालले, जिच्यामुळे कदाचित त्या वाडीत प्रार्थना टिकून राहिली, तिची ओळख पटविणारा एकही तपशील त्यात सापडत नाही. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की आयुष्यभर बोलत आलेली ही बाई तिच्यावरील लेखात एकदाही बोलत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे: कुलमातेचा गौरव करताना तिचा शब्द कुठे जातो, आणि तो राखणे शक्य आहे काय? ह्यासाठी दोन जुन्या ख्रिस्ती आदर्शांकडे व आपल्याच मुलखातील दोन मराठी पुस्तकांकडे पाहावयाचे आहे. त्यानंतर नंदुरबार जिल्ह्यातील खापरसारख्या गावात हा प्रश्न कोणते रूप घेतो, ह्याचा विचार करता येईल.

हन्ना आणि शिमोन

दीर्घायुषी धर्मशील स्त्रीचे ख्रिस्ती परंपरेतील पहिले स्मृतिचित्र संत लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात आहे. मंदिरात बाळ येशूला आणले असता तेथे हन्ना नावाची वृद्धा भेटते. लूकने तिला अवघी तीन वचने दिली आहेत; पण तेवढ्यात तो काय काय सांगतो ते पाहा. तिच्या बापाचे नाव, तिचा वंश, लग्नानंतर ती किती वर्षे नांदली, त्यानंतरचे तिचे दीर्घ वैधव्य, चौऱ्याऐंशी हा आकडा, मंदिर न सोडण्याची तिची रीत, तिचे उपवास आणि प्रार्थना. ह्यात 'प्रेमळ' नाही आणि 'सोशिक' नाही. विशेषणांऐवजी लूक नाव, संख्या आणि कृती देतो. म्हणून दोन हजार वर्षांनंतरही ही म्हातारी दुसऱ्या कोणा म्हातारीसारखी वाटत नाही.

परंतु त्याच प्रसंगात एक गोष्ट मनाला लागते. शिमोन हा वृद्ध बाळाला हातांत घेऊन जे बोलला, ते लूकने शब्दशः नोंदविले. ख्रिस्तसभा आजही रात्रीच्या प्रार्थनेत ते शब्द म्हणते. हन्नाही बोलली, मुक्तीची वाट पाहणाऱ्या सर्वांना ती त्या बालकाविषयी सांगू लागली, असे लूक म्हणतो. पण ती काय म्हणाली हे मात्र आपल्याला कळत नाही. म्हाताऱ्याचे शब्द उरले आणि म्हातारी बोलली एवढीच नोंद उरली. लूकला दोष देण्याचे कारण नाही. त्याच शुभवर्तमानकाराने पवित्र मरियेचे स्तोत्र आपल्यासाठी राखले आहे. तथापि आपल्या घराघरांतील स्मरणलेखनाचे चित्र हन्नेच्या प्रसंगासारखेच आहे. आजोबांनी कोणत्या सभेत काय ठणकावून सांगितले ते नातवंडांना सांगता येते. आजी मात्र 'सर्वांना चांगले सांगत असत' एवढ्यावर थांबतात.

मोनिकेच्या मुलाने काय केले

दुसरा आदर्श संत ऑगस्टीनचा. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. म्हणजे आजच्या अर्थाने दीर्घायुषीही नव्हे. पण पुत्राच्या मनःपरिवर्तनासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी माता म्हणून ती ख्रिस्तसभेच्या सर्व मातांची जणू प्रतिनिधी ठरली. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथाच्या नवव्या भागात तिचे चरित्र लिहिले. ती आज संत आहे, ते बव्हंशी ह्या पानांमुळे.

ह्या पानांत तो एक विलक्षण गोष्ट सांगतो. मोनिका लहान असताना तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणण्यासाठी पाठवीत, आणि ती चोरून घोट घोट घेऊ लागली. हळूहळू तिला त्याची चटक लागली. एके दिवशी घरातील दासीने भांडणात तिला दारुडी म्हणून हिणविले. तो शब्द तिच्या जिव्हारी लागला आणि सवय सुटली. मृत आईच्या स्मरणार्थ लिहिताना कोणता मुलगा ही गोष्ट सांगेल? आपल्याकडे लिहिणाऱ्याने ती पहिल्या मसुद्यातच खोडली असती. पण ऑगस्टीनला ठाऊक होते, की ही गोष्ट गाळली तर देवाची कृपा कशावर झाली तेच कळणार नाही. दोष नसलेल्या आईला कृपेची गरज नसते. मग तिच्यासाठी मिस्सा अर्पण करण्याचेही प्रयोजन उरत नाही.

दुसरे असे, की ऑगस्टीन आईला बोलू देतो. आपला देह कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, ही तिची शेवटची इच्छा त्याने नोंदविली. जन्मगावी पतीशेजारी विसावण्याची तिची इच्छा पूर्वी किती तीव्र होती, हेही त्याने सांगितले आहे. त्यामुळे शेवटच्या बोलण्यामागे झालेला बदल वाचकाला जाणवतो. ह्या स्मरणलेखनात स्तुती कमी आणि साक्ष अधिक आहे.

'स्मृतिचित्रे' : घराची साक्ष

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठी ख्रिस्ती कुलमातेचे सर्वश्रेष्ठ शब्दचित्र नाशिकच्या भूमीतून आले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ ह्या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. मृत्यू २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथेच. त्या कॅथलिक नव्हत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संबंध अमेरिकन मराठी मिशनशी होता आणि अखेरच्या काळात त्यांनी 'देवाचा दरबार' ही स्वतंत्र वाट धरली. परंतु ह्या पुस्तकावर आपलाही वारसा आहे. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरात श्रद्धा कशी राहते, हे इतक्या जवळून दुसऱ्या कोणी दाखविलेले नाही.

बालपणी लग्न झालेली, शाळा न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरे गिरवलेली ही स्त्री. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या कोसळून गेल्या. पतीपासून दूर, माहेरच्या माणसांच्या आश्रयाने काही वर्षे काढली. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एखाद्या सामान्य गौरवलेखकाच्या हाती ही कथा पडली असती, तर त्याने मधली वर्षे दोन ओळींत संपविली असती आणि 'अखेर त्यांना प्रकाश दिसला' असे लिहून मोकळा झाला असता. लक्ष्मीबाई नेमक्या त्या मधल्या वर्षांत रेंगाळतात. राग, लाज, नातेवाइकांची बोलणी, पतीवरची न विझलेली माया आणि सोवळ्याओवळ्याची हाडीमाशी खिळलेली सवय, हे सारे त्या लपवीत नाहीत. जातिभेद हा माणसाचा उद्योग आहे, देवाचा नव्हे, ह्या निष्कर्षाला त्या कोणाच्या प्रवचनाने येत नाहीत. स्वतः विचार करीत, स्वतःशी भांडत येतात. म्हणूनच त्यांच्या श्रद्धेवर वाचकाचा विश्वास बसतो. सोपी श्रद्धा त्यांनी उसनी आणली असती, तर पुस्तक आज कोणी उघडले नसते.

दुसरा विशेष म्हणजे विनोद. टिळकांचा कविस्वभाव, पैशाबाबतची बेफिकिरी, दारात येईल त्याला घरात घेण्याची वृत्ती, ह्यांमुळे चूल पेटविणाऱ्या बाईची काय तारांबळ उडते, हे त्या हसत हसत सांगतात. हसण्यात पतीचा उपहास नाही आणि पूजाही नाही. संताबरोबर संसार करणे किती कठीण असते, हे त्यांच्याइतके प्रांजळपणे क्वचितच कोणी लिहिले असेल. स्वतःलाही त्या सोडत नाहीत. स्वतःची फजिती, भित्रेपणा, हट्ट, ह्यांची चित्रे त्या तितक्याच मजेने रंगवितात. आपल्या स्मृतिपत्रिकांतील आज्या कधी हसत नाहीत, ही गोष्ट ह्या पुस्तकाशेजारी ठेवली की फार खटकते. ज्या घरात नव्वद वर्षे माणूस नांदले, त्या घरात हशा झालाच नाही असे कसे होईल?

तिसरा विशेष रचनेचा. पुस्तकाचे नावच पाहा: चरित्र नव्हे, 'चित्रे'. एक प्रसंग, मग दुसरा. प्रसंगाच्या शेवटी तात्पर्य नाही. अनाथ मुले घरात येतात, दुष्काळ पडतो, प्लेग येतो, बिऱ्हाड मोडते आणि पुन्हा मांडले जाते. लेखिका 'मी त्याग केला' असे म्हणत नाही. किती जणांसाठी भाकरी करावी लागली ते कळते. त्याग आपण ओळखावयाचा असतो. ह्या लेखनाला काही समीक्षकांनी साधे, सहज, घरगुती म्हटले आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. काय सांगावे आणि कुठे थांबावे ह्याची जाण ह्या घरगुतीपणात आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने चौथी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. हे पुस्तक एका घराने मिळून राखले. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यानंतरच्या जवळजवळ सतरा वर्षांच्या वैधव्यात लक्ष्मीबाईंनी घर सांभाळले, टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि आठवणी लिहिल्या. त्यांना लिहिते ठेवण्यात मुलाचा, देवदत्त टिळकांचा वाटा होता. आईच्या मृत्यूनंतर उरलेली कथा त्यांनीच पुरी केली. पुढे नातू अशोक टिळक ह्यांनी पुस्तकाची साक्षेपाने संपादित आवृत्ती सिद्ध केली. आजीचा शब्द, मुलाचा हात, नातवाची राखण: गौरव कसा असावा ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मराठीत मिळणे कठीण आहे. पुतळा उभारण्यापेक्षा हे काम अधिक चिकाटीचे आहे.

खानदेशची अक्षरशून्य माउली

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाईंना लिहिता येत होते. आमच्या आजीला सहीसुद्धा येत नव्हती. ह्या आक्षेपाला उत्तर खानदेशानेच देऊन ठेवले आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ख्रिस्ती नव्हत्या. शेतकरी घरातील हिंदू कुलमाता होत्या. तरुण वयात वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांच्या तोंडून गाणी येत. त्यांचा मुलगा सोपानदेव व घरातील आणखी एक नातलग ह्यांनी त्यांतील काही वेळोवेळी टिपून ठेवली. आई गेल्यानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली.

सोपानदेव स्वतः कवी होते. आईची लेवा बोली 'शुद्ध' करून, पुस्तकी मराठीत घालून ती गाणी छापण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. तो त्यांनी टाळला. आईने उच्चारले तसे शब्द ठेवले. आज त्या गाण्यांतून खानदेशचे शेत, घरटे, जाते, माहेरची वाट जशी दिसते, तशी ती प्रमाण मराठीतून दिसली नसती. मुलाने आईच्या भाषेची लाज बाळगली नाही, हाच त्याने केलेला आईचा सर्वांत मोठा सन्मान होय. जी टिपली गेली नाहीत, ती गाणी मात्र कायमची गेली. टिपणाऱ्याचे महत्त्व ह्याहून वेगळे सांगावयास नको.

खापरचा प्रश्न

ह्या पार्श्वभूमीवर खापरचा विचार करावा. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या सीमेलगत आहे. येथे एकाच बाजारात किती भाषा ऐकू येतात! देहवाली, वसावी, गुजराती, अहिराणी आणि शाळेची मराठी. थोडे पलीकडे धडगावच्या बाजूस पावरी, नवापूरकडे मावची. सीमेपलीकडील देवमोगरा येथे ज्या मातेची जत्रा भरते, तिच्या नावातील 'याहा' ह्या शब्दाचा अर्थच आई असा आहे. दुष्काळात लोकांना धान्य देऊन जगविणारी म्हणून आदिवासी समाज तिच्या कथा गातो. ह्या परिसराला कुलमातेचे स्मरण कसे करावे हे नव्याने शिकवावे लागत नाही. तेथे ते लेखणीने होत आलेले नाही, गळ्याने होत आले आहे.

येथे आज नव्वदीला आलेली एखादी ख्रिस्ती आजी डोळ्यांपुढे आणा. तिचा जन्म मुंबई इलाख्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातला. विशीत असताना ती द्विभाषिक मुंबई राज्यात होती, १९६० पासून महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यात. आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला. उंबरा तोच, पत्ता मात्र सारखा बदलत गेला. तिच्या कागदपत्रांवर जन्मतारीख म्हणून कोणीतरी अंदाजाने घातलेला दिवस असतो. तिला तारीख विचारू नये. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या कडेवर कोण होते ते विचारावे. तिचे आयुष्य असे मोजावे लागते.

तिच्या कामांनाही नावे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहफुले वेचणे, कैऱ्या सोलून फोडी खडकावर वाळवून आमचूर करणे, भाकरी, सरपण, पाणी. घरातील जाणती माणसे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत गेली, की मागे राहिलेल्या नातवंडांचे सारे काही तिच्याकडे. अशा घरात मुलाला क्रुसाची खूण प्रथम कोण शिकविते? धर्मगुरू क्वचित येतात, धर्मभगिनी व धर्मशिक्षक ठराविक दिवशी येतात; रोज संध्याकाळी घरात असते ती आजी. ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिताना आपण मिशनरींची नावे आणि चर्चच्या कोनशिलांच्या तारखा लिहितो. ह्या संध्याकाळींचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही. ती गेली की तोही जाईल.

ह्याच तालुक्यात आणखी एक कठोर वस्तुस्थिती आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी ह्या तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली. मणिबेली त्यांतील पहिले. नर्मदाकाठच्या ज्या स्त्रिया पुनर्वसन वसाहतींत आल्या, त्यांच्या आठवणींतील ओढा, झाड, पायवाट आता दाखविता येत नाही. नातवंडाने 'आजी, तुझे घर कुठे होते?' असे विचारले, तर उत्तरात शब्दांखेरीज काही उरलेले नाही. ख्रिस्ती असो वा नसो, अशा आजीचा शब्द टिपणे ही केवळ कौटुंबिक हौस राहत नाही. जे पाण्याखाली गेले, त्याची ती शेवटची नोंद असते.

आणि येथेच आपल्या स्मरणलेखनाची दुसरी उणीव ध्यानात येते. अशी आजी जन्मभर देहवालीत हसली, रागावली, रडली आणि बहुधा प्रार्थनेतील खाजगी बोलणेही तिने त्याच भाषेत केले. तिच्यावरचा लेख मात्र आपण संस्कृतप्रचुर मराठीत लिहितो आणि तिच्या तोंडी 'बाळांनो, सदैव प्रभूच्या मार्गाने चाला' असे वाक्य घालतो. हे वाक्य तिचे नाही. ते आपल्या वाचनातून आले आहे. तिने कदाचित एवढेच म्हटले असेल, की दिवा लावा आणि बसा. त्या साध्या बोलण्यात जो अधिकार आहे, तो आपल्या वाक्यात नाही.

मातृभाषेचा हा आग्रह ख्रिस्तसभेला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानाद्वारे लोकभाषेला वेदीजवळ जागा दिली. त्यापूर्वी आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी लॅटिन प्रतिसाद कानांनी ऐकून पाठ केले होते. अर्थ न कळताही त्यांनी ते भक्तीने म्हटले. देवाशी मातृभाषेत बोलावे हे सभेने आपल्याला शिकविले. मग देवाच्या ह्या लेकीविषयी बोलताना तिची भाषा आपण दाराबाहेर का ठेवावी?

स्तुती, प्रार्थना आणि स्मरण

ह्यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. मृताविषयी चांगलेच बोलावे ही आपली संस्कृती आहे. आजींचा तापट स्वभाव, सुनेशी झालेला अबोला, धर्मगुरूंशी झालेला वाद छापणे शोभेल काय? भावंडांत त्यावरून कटुता आली तर?

आक्षेपात तथ्य आहे. पण येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली प्रार्थना. अंत्यविधीच्या मिस्सात मृतासाठी प्रार्थना होते. तेथे गौरवाचे भाषण अपेक्षितच नाही. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेत ३८२व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे, की अशा मिस्सात लहानसे प्रवचन व्हावे, मात्र ते मृताच्या स्तुतीचे भाषण होऊ नये. अनेकांना हा नियम कोरडा वाटतो. वास्तविक त्यात मोठी माया आहे. आपण जिची स्तुती करून तिला परस्पर स्वर्गात पोहोचवितो, तिच्यासाठी प्रार्थना करणे आपण सोडून देतो. मोनिकेने मुलाकडे स्तुती मागितली नव्हती. वेदीपाशी आठवण मागितली होती.

दुसरी गोष्ट सांत्वन. दफनभूमीत किंवा घरी जमलेल्या माणसांनी चार गोड शब्द बोलावेत. त्यांची चिकित्सा कोणी करू नये. तिसरी गोष्ट स्मरणलेखन. ते सावकाश, महिन्यांनी किंवा वर्षांनी लिहावयाचे असते. ज्यांनी आजीला पाहिले नाही, त्यांच्यासाठी ते असते. ह्या तिसऱ्या प्रकारात सत्य हवे. सत्य म्हणजे चहाडी नव्हे. जिवंत माणसाला ज्याने इजा होईल ते गाळावे, हा विवेक लक्ष्मीबाईंनीही ठेवलाच असेल. पण ज्या दोषावर तिने मात केली, किंवा ज्या दोषासह देवाने तिला चालवून घेतले, तो गाळणे म्हणजे कृपेची कथा गाळणे होय. आजी तापट होत्या आणि तरीही दर शनिवारी कबुलीजबाबाला जाऊन पुन्हा त्याच सुनेच्या हातचा चहा घेत, असे कोणी लिहिले, तर त्या घराची अब्रू जात नाही. उलट त्या चहाच्या पेल्यात पश्चात्तापाचा संस्कार कसा मुरतो, हे वाचकाला दिसते.

उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. सोशिकपणाची अखंड स्तुती घरातील तरुण मुलींना काय शिकविते? आजींनी सारे निमूट सोसले, असे आपण छापतो, तेव्हा सोसावयास लावणाऱ्यांचा आपण उल्लेखही करीत नाही. 'स्मृतिचित्रे' वाचून कोणतीही मुलगी निमूट राहण्यास शिकत नाही. ती विचार करण्यास शिकते. धर्मशील स्त्रीला स्वतःचे मत असते, हे आपल्या लेखांतून एकदा तरी दिसावे.

काय करता येईल

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व वयोवृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला. येशूचे आजी-आजोबा मानले जाणारे संत योवाकीम व संत अ‍ॅना ह्यांचा सण २६ जुलैला येतो, त्याच्या आसपासचा जुलैतील चौथा रविवार त्यासाठी ठरविण्यात आला. अनेक धर्मग्रामांत त्या दिवशी वृद्धांना शाल, फूल व खाऊ दिला जातो. ते चांगलेच आहे. पण शाल दिली की आजींचे बोलणे ऐकण्याची जबाबदारी संपते, असा समज होऊ नये.

त्या दिवशी एका नातवंडाने एक वही घेऊन आजीपाशी बसावे. हल्ली खिशातल्या फोनवर आवाजही टिपता येतो. सोपानदेवांना ती सोय नव्हती. मोठे प्रश्न विचारू नयेत. जीवनाचे सार काय, असे विचारले तर आजी प्रवचनच देतील. लहान प्रश्न विचारावेत. तुझ्या आईचे नाव काय? पहिली मिस्सा कुठे पाहिलीस? तेव्हा किती चालावे लागले? लॅटिनमधले काय आठवते? कोणते मूल गेले आणि त्याला कुठे पुरले? देवावर कधी रागावलीस काय? उत्तर जसे येईल तसे, तिच्याच बोलीत लिहावे. मराठी अर्थ हवा तर खाली द्यावा. नाव-तारखांचा मेळ धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवहीशी घालावा. तिने गायलेले गाणे पुरे टिपावे, मग ते चर्चमधील असो वा लग्नातील. आणि ती जिवंत असतानाच तिला ते वाचून दाखवावे. 'मी असे म्हटलेच नव्हते' असे ती म्हणाली, तर दुरुस्त करावे. स्मरणलेखनाला ह्याहून चांगला संपादक मिळणार नाही.

असे लेख आले तर नियतकालिकांनीही आपली सवय बदलली पाहिजे. बोलीतले शब्द 'अशुद्ध' म्हणून कापू नयेत. विशेषणांची रांग आली तर लेखकाला आपुलकीने परत पाठवून एक प्रसंग मागावा. प्रथम लेखकांना राग येईल, पण काही वर्षांत आपल्याजवळ सातपुड्याच्या पायथ्यापासून वसईच्या किनाऱ्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांची अशी साक्ष जमेल, की जी कोणत्याही इतिहासग्रंथात नाही.

हन्ना त्या दिवशी मंदिरात काय बोलली, हे आता कळण्याचा मार्ग नाही. तिच्या शेजारी कोणी टिपणारा नव्हता. आपल्या घरातल्या हन्नेविषयी तसे म्हणण्याची पाळी अजून आलेली नाही. ती ओसरीवर बसली आहे, आणि तिला बोलावयाचे आहे.